आधी औषध की आधी शस्त्रक्रिया? टकलाच्या उपचारांचा इतिहास

१/ विशी-पंचविशीत कपाळावरचे केस मागे सरू लागले की तरुणापुढे दोन वाटा मांडल्या जातात : रोज घ्यावयाचे औषध, अथवा ‘एकदाच काय ती’ केसरोपणाची शस्त्रक्रिया. जणू दोहोंपैकी एक निवडावयाची आहे. इतिहास पाहिला तर मात्र या दोन उपचारांचा जन्म दोन निराळ्या प्रश्नांतून झालेला दिसतो. हा धागा त्या दोन प्रश्नांविषयी.

२/ टकलावरील औषधांचा प्राचीन इतिहास हा बव्हंशी आशेचाच इतिहास आहे. इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या, इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये सिंह, पाणघोडा, मगर यांची चरबी डोक्यास चोळावयास सांगितली आहे. ज्यूलियस सीझर विरळ केस पुढे ओढून विंचरत असे, आणि विजयमाला सदैव मस्तकी धारण करण्याचा मान त्यास सर्वांत प्रिय होता, असे चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. (टोपी घालून लग्नाला जाणाऱ्यांनी मनास लावून घेऊ नये.)

३/ या सगळ्यात एक निरीक्षण मोलाचे ठरले. खच्ची केलेल्या पुरुषांस टक्कल पडत नाही, अशी नोंद हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत आहे. पुढे दोन हजारांहून अधिक वर्षे तिचा पाठपुरावा झाला नाही. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने तो केला. पौगंडावस्थेपूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांस टक्कल पडलेले नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर काहींचे केस गळू लागले. घराण्यात टक्कल असलेल्यांचे विशेषकरून.

४/ हॅमिल्टनचे आणखी एक निरीक्षण फारसे सांगितले जात नाही, पण मला ते अधिक महत्त्वाचे वाटते. संप्रेरक देणे थांबवल्यावर टक्कल पुढे सरकणे थांबे. गेलेले केस मात्र परत येत नसत. औषधाची ताकद आणि मर्यादा, दोन्ही येथेच दिसतात.

५/ शस्त्रक्रियेचा प्रश्न निराळा होता. एका जागची त्वचा उचलून दुसरीकडे लावली तर ती नव्या जागेचा गुण घेते की आपला जुना गुण राखते? जपानमध्ये शोजी ओकुदा यांनी १९३९ सालीच केसांसह त्वचेचे छोटे गोल तुकडे काढून भाजलेल्या डोक्यांवर त्यांचे कलम केले होते; पण महायुद्धाच्या धुमश्चक्रीत ते काम पाश्चात्त्य जगापर्यंत पोहोचलेच नाही. १९५२ साली न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइख यांनी डोक्याच्या मागील भागातील केस टकलावर लावले, आणि ते वाढत राहिले. मागील केस टकलास बळी पडत नाहीत आणि हा गुण ते सोबत घेऊन येतात, असा सिद्धांत त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केला.

६/ खरी मेख याच सिद्धांतात आहे. लावलेले केस टिकतात. पण त्यांच्या शेजारचे मूळचे केस आपल्या गतीने गळतच राहतात. त्या काळी सुमारे ४ मिलिमीटर व्यासाचे तुकडे लावीत. प्रत्येकात डझनभर किंवा अधिक केस. तरुणपणी कपाळावर अशी रांग लावून घेतलेल्या माणसाचे उरलेले केस वयपरत्वे गेले की बाहुलीच्या डोक्यावर असावेत तसे तुटक झुपके तेवढे पुढे उभे राहत. म्हणजे शस्त्रक्रिया फसली नव्हती. ती यशस्वी झाली, म्हणूनच हे रूप दिसे. शिवाय मागील केसांचा साठा मर्यादित. एकदा पुढे खर्च झाला की मागाहून उघड्या पडणाऱ्या माथ्यासाठी काय उरणार?

७/ औषधे आली ती आडवाटेने. मिनॉक्सिडिल ही अपजॉन कंपनीची रक्तदाबाची गोळी. अमेरिकेत १९७९ साली मान्य झाली. ती घेणाऱ्यांच्या अंगावर नको तेथे केस उगवू लागले. त्यातून डोक्यास लावावयाचे द्रावण निघाले आणि १९८८ साली त्यास मान्यता मिळाली.

८/ दुसऱ्या औषधाची कथा डोमिनिकन रिपब्लिकमधील सालिनास गावची. तेथे काही मुले जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत आणि वयात येताना त्यांचे शरीर पुरुषाचे होई. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ साली दाखवून दिले की, टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे विकर त्यांच्यात अपुरे होते. या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही आणि टक्कल पडत नसे. मर्क कंपनीने तेच विकर रोखणारे फिनास्टेराइड तयार केले : १९९२ साली प्रोस्टेटसाठी ५ मिलिग्रॅम, १९९७ साली केसांसाठी १ मिलिग्रॅम.

९/ चाचण्यांत दोन वर्षांनी औषध घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांच्या केसांची संख्या घटली नव्हती. निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. पण गोळी थांबली की लाभही ओसरतो. पहिल्या वर्षी लैंगिक दुष्परिणाम ३.८ टक्के पुरुषांनी नोंदवले, निष्क्रिय गोळीच्या गटात २.१ टक्के. औषध थांबवल्यावरही अशा तक्रारी राहिल्याची नोंद २०१२ साली अमेरिकेत माहितीपत्रकात घालावी लागली. २०२५ साली युरोपीय औषध संस्थेने आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. प्रमाण अल्प असले तरी गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी याविषयी बोललेच पाहिजे.

१०/ दरम्यान शस्त्रक्रिया फार सुधारली. १९८८ पासून टेक्सासच्या बॉबी लिमर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक ते चार केसांचे नैसर्गिक पुंजके वेगळे करून लावले. २००२ साली असे पुंजके एकेक करून काढण्याची पद्धत वैद्यकीय नियतकालिकात मांडली गेली. बाहुलीचे झुपके गेले. मात्र मूळचे केस गळणे या सुधारणेने थांबले नाही.

११/ म्हणून ‘औषध की शस्त्रक्रिया’ हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो, असे माझे मत आहे. एक उपचार उरलेले राखतो, दुसरा गेलेल्याच्या जागी हलवून आणतो. प्रश्न आहे तो क्रमाचा. हॅमिल्टनची १९५१ सालची आणि नॉरवूड यांनी १९७५ साली सुधारलेली श्रेणी आज टक्कल कोठवर आले आहे ते सांगते, कोठे थांबेल ते नव्हे. आणि बाविसाव्या वर्षी तर ते कोणालाच ठाऊक नसते. सावध शल्यचिकित्सक तरुणास आधी वर्षभर औषध देऊन पाहतात. पुढे शस्त्रक्रिया केलीच, तरी मूळच्या केसांसाठी औषध चालू ठेवावयास सांगतात. ‘सुलभ हप्त्यांत कायमचे केस’ या जाहिरातीत हा दुसरा भाग नसतो.

१२/ आपल्याकडे या व्यवसायास लगाम फार उशिरा लागला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने केसरोपण कोणी करावे याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. केवळ कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून अशी शस्त्रक्रिया सुरू करण्याइतके प्रशिक्षण होत नाही, हेही आयोगास त्यात स्वतंत्रपणे लिहावे लागले.