बटाट्यातले रंग

आईचा एक फोटो आहे, १९७४ सालचा. त्यातल्या इरकली साडीचा रंग ताई म्हणते चिंतामणी, मी म्हणते मोरपंखी. साडी कधीच बोहारणीकडे गेली. फोटो आता सगळाच तांबूस झालाय. त्या काळच्या कागदावरची निळाई आधी उडते. म्हणजे साक्षीदारच फितूर!

असले वाद जुनेच. फ्रान्समधल्या ल्यों शहरी ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ‘ऑटोक्रोम’ काचा विकायला काढल्या आणि हौशी फोटोवाल्यांना रंग आवाक्यात आला. तोही बटाट्यातून! बटाट्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण शेंदरी, हिरवे, जांभळे रंगवून काचेवर पसरायचे, मधल्या फटी काजळीनं बुजवायच्या, वर चांदीच्या क्षारांचा थर. प्रकाश त्या कणांतून गाळून थरावर पडे. काच धुतल्यावर त्याच कणांतून तो पुन्हा डोळ्यांत येई. कंदमूळ वर्ज्य असलेल्या आमच्या स्वयंपाकघरात बटाट्याला एवढा मान कधी मिळाला नाही. भर उन्हातसुद्धा सेकंदभर तरी हलायचं नाही, म्हणून ती माणसं अशी थिजल्यासारखी दिसतात.

खरी अडचण दाखवायची. निगेटिव्ह नाही, त्यामुळं सहज प्रतही नाही. एक फोटो म्हणजे एकच काच. माणसं गोळा करायची, ती आरशाच्या पेटीत उघडून ठेवायची, नाहीतर मॅजिक लँटर्नच्या दिव्यापुढं धरायची. खिडकीच्या उजेडात पांढरं दिसणारं दिव्यापुढं पिवळट होई. मग खरं कुठलं? बॉस्टनच्या हेलन मेसिंजर मर्डोक यांनी १९१३ ते १९१५ या काळात जगभर फिरून अशा काचा टिपल्या, भारतातही. आपल्याकडच्या लुगड्याचा लाल नेमका कुठला, हे तिकडच्या बघणाऱ्यानं कशावरून ठरवायचं? ज्या बाईनं तो डोळ्यांनी पाहिला, तिच्या आठवणीवर भरवसा ठेवायचा, एवढंच. आणि आठवणीचा रंग उडत नाही असं थोडंच आहे!

त्यात लँटर्नची धग आणि झोत या रंगांना सोसत नसे. चार जणांना दाखवावं तर काच फिकी पडणार, न दाखवावं तर काढलीच कशाला? मला त्या हौशी लोकांची मनापासून कीव येते. आपल्या हातानं आपला पुरावा झिजवायचा.

परवा ताई आली होती. फोटो घेऊन आम्ही पुन्हा माजघरात बसलो, तर म्हणाली, “बल्बखाली नको गं, अंगणात चल.” गेलो. पदराच्या घडीत, काठाला लागून, बोटभर जागा कमी तांबडी होती. तिथं मला मोरपंखी दिसला. तिला चिंतामणी.