‘ज्ञानोदय’च्या अंगणात ‘निरोप्या’

भिलाईहून बोलतोय. पोलाद कारखान्यामुळे इथे देशभरची माणसे आली, त्यांत निरनिराळ्या पंथांची ख्रिस्ती कुटुंबेही. कॅथलिकांची मिस्सा, प्रवचने, भजने आता घरबसल्या मोबाइलवर दिसतात. मग प्रॉटेस्टंट घरात काळजी सुरू होते: आमची पोरं तिकडे ओढली गेली तर? काळजीचे यंत्र नवे आहे. काळजी जुनी आहे, आणि ती समजून घ्यायला अहमदनगरला जावे लागते.

मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांची सगळी भिस्त छापील कागदावर होती. विल्यम केरींनी १८११ साली सेरामपूरला मराठी नवा करार छापला, तोही मोडी लिपीत. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये नगरहून ‘ज्ञानोदय’ काढला. शास्त्र माणसाच्या हातात, त्याच्याच भाषेत द्यायचे, हा त्यांचा आग्रह. कॅथलिकांवर त्यांचा मोठा आक्षेप हाच, की हे लोक बायबल सामान्यांपासून दूर ठेवतात.

आता गंमत पाहा. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते गोव्यात १६१६ साली छापले गेले. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत. म्हणजे मराठीत छापण्यात कॅथलिक जवळजवळ दोनशे वर्षे पुढे होते! पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्धच हुकूम काढला आणि ती वाट बुजली. प्रॉटेस्टंटांचा आक्षेप म्हणून अगदीच पोकळ नव्हता.

मग १९०३ साली हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने नगर जिल्ह्यातून ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. इथे खरी अडचण होती. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरायचे नाही. कॅथलिक या करारात नव्हतेच. त्यामुळे त्यांच्या कामाकडे ‘मेंढरे पळवणे’ म्हणून पाहिले जाई.

मला हा शब्द खटकतो. ज्यांना मेंढरे म्हटले ती बहुतेक महार-मांग समाजातली, दुष्काळातून निभावलेली माणसे. शाळा, आधार, मान कुठे मिळतो हे त्यांना चांगले कळत होते. आणि मिशनच्या शाळेत अक्षरे शिकलेला माणूस ‘ज्ञानोदय’ वाचू शकतो, तसा ‘निरोप्या’ही. अक्षरओळख एकाच मासिकापुरती देता येत नाही. प्रॉटेस्टंटांची भीती त्यांच्याच यशातून आली होती, असे माझे मत आहे.

पुढचा प्रसंग मला फार आवडतो. ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनमध्ये ओळखली कोणी? जस्टिन अ‍ॅबट यांनी. हे अमेरिकन मराठी मिशनचे माणूस, म्हणजे ‘ज्ञानोदय’च्याच घरातले. १९२३ मध्ये त्यांनी हा शोध जाहीर केला आणि मूळ रचना देवनागरीतच होती असे मांडले. कॅथलिक पुराणाची बाजू प्रॉटेस्टंट पंडिताने घेतली.

आणि बायबल लोकांपासून दूर ठेवतात, या आक्षेपाचे काय झाले? वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच होते.