उत्तर बरोबर, रीत नाही

आठवीच्या सहामाहीला गणिताच्या पेपरात एका उदाहरणाला मला पाचपैकी एक मार्क मिळाला. साल १९६९. उदाहरण चक्रवाढ व्याजाचे होते. मुद्दल चारशे रुपये, दर साल दर शेकडा पाच, दोन वर्षांची रास काढा. मी नुसते लिहिले, चारशे एक्केचाळीस. मास्तरांनी लाल पेनने खाली शेरा मारला, 'रीत नाही.'

हे दोन शब्द अजून डोक्यातून जात नाहीत. म्हणून हा इतिहास लिहायला बसलोय. राजांचा नाही, लढायांचा नाही. आमच्या किनाऱ्यावर, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा आणि १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्यात, गणित कोणाच्या हातात होते आणि कोणाच्या मानगुटीवर होते, त्याचा.

ते उत्तर मला आजीने शिकवले होते. आजीला अक्षर येत नव्हते. आमची वाडी अलिबागच्या खारेपाटातली. आजीच्या तरुणपणी गावावर खोत होता. जेठ महिन्यात घरातले दाणे संपले की खोताकडून भात आणायचे आणि झोडणी झाली की परत घालायचे, ते दिढीने. एक मण आणला तर दीड मण. नाही फिटला तर त्या दीडवर पुन्हा दीड. आजी बोटाच्या पेरांवर अंगठा टेकवून सांगायची, "पयल्या साली दीड मण. दुसऱ्या साली सवादोन. तिसऱ्या साली तीन मण पंधरा शेर. मंग खोत बोलायचा, बैल सोड."

चाळीस शेरांचा मण धरा आणि कागदावर ताडून बघा. एका शेराचा फरक येणार नाही.

म्हणून मास्तरांनी वर्गात चक्रवाढ व्याज शिकवायला घेतले तेव्हा मला ते नवीन नव्हते. शंभराला पाच तर चारशेला वीस. चारशे वीसला एकवीस. झाले चारशे एक्केचाळीस. 'रास' हा शब्दही ओळखीचा. आमच्याकडे रास म्हणजे खळ्यावरचा भाताचा ढीग. तो ढीग आमचा नसायचा, एवढेच.

आता मागे जाऊ. इंग्रजी अमदानीत सरकारी शाळा निघण्याआधी गावात पंतोजीची शाळा असायची. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, संध्याकाळी पाढे म्हणायचे. पाढे नुसते बे आणि तीनचे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. लहान पोराला दीडचा पाढा कशाला लागतो, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडला नव्हता. पुढे कधीतरी पेटला. गावात धान्य दिले जाई ते सवाईने किंवा दिढीने. जमिनीचा वाटा ठरे तो अर्धलीने किंवा तिर्धलीने. ज्या घराला हे घ्यायचे होते त्या घरच्या पोराला दिडकी पाठ करावी लागे. आणि ज्याला द्यायचे होते त्याच्या पोराला त्या ओटीवर पाऊल टाकायची बंदी होती. आमची माणसे पोथ्यांपासून लांब ठेवली, हे आपण नेहमी बोलतो. ती पाढ्यांपासूनही लांब ठेवली होती, हे बोलत नाही. पोथीने परलोक बुडवला असेल नसेल. पाढ्याने घरातला बैल नेला.

जोतीराव फुल्यांना हे नेमके माहीत होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात खेड्यातल्या पोरांना काय शिकवावे हे सांगितले आहे. वाचन-लेखनाबरोबर त्यांनी मोडी आणि हिशेब मागितला. मोडी कशाला? सावकाराचा, कुलकर्ण्याचा कागद मोडीत असे म्हणून. हिशेब कशाला, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या जिल्ह्यात सावित्रीच्या खाडीवर दासगाव आहे. पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या महार शिपायांची तिथे वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर इथलेच. पलटणीने या लोकांना अक्षर आणि आकडा दिला होता. त्याच दासगावच्या शाळेत रामचंद्र बाबाजी मोरे शिकले. १९१४ च्या सुमारास हा पोरगा शिष्यवृत्तीच्या परीक्षेत पास झाला. म्हणजे सरकारने कागदावर सांगितले की हा हुशार आहे. तो कागद घेऊन तो महाडच्या इंग्रजी शाळेत गेला तर शाळेने दार लावले. पोराने गप्प न बसता वर्तमानपत्राला पत्र लिहिले. मग प्रवेश मिळाला, पण बसायची जागा इतरांपासून वेगळी. मार्क त्याचे, बाक दुसऱ्यांचे. याच मोऱ्यांनी पुढे १९२७ च्या मार्चमधली महाडची परिषद उभी करायला जिवाचे रान केले. चवदार तळ्याची वाट शाळेच्या दारातूनही गेली आहे, हे लक्षात ठेवा.

बाबासाहेबांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, तरी या जागी ती सांगितलीच पाहिजे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी भीमाला फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले. फळ्यामागे सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे ठेवलेले. एकच गलका झाला. पोरे धावली, डबे बाजूला केले, मग भीमाचा हात फळ्याला लागला. उदाहरण सुटले की नाही, हे कोणी विचारत नाही. लोकांना डबे आठवतात. १९०७ साली हाच मुलगा मॅट्रिक झाला, ७५० पैकी २८२ मार्कांनी. टक्के काढा, ३७.६ येतात. आजच्या भाषेत काठावर पास. त्या काठावरच्या पोराने १९२३ साली लंडनहून रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध छापला. आणि १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे बिल मांडले. त्या आधीपासून आमच्या खारेपाटात चरीचा संप चालू होता. १९३३ ते १९३९, सहा वर्षे कुळांनी खोताची जमीन कसली नाही. पुढारी नारायण नागू पाटील, पाठिंबा बाबासाहेबांचा. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने. आजीची दिढी तेव्हा सुटली. पेरांवरचा हिशेब मात्र मरेपर्यंत सुटला नाही.

आता पुन्हा माझ्या शाळेत या. शाळेचे नाव सांगत नाही, कारण अशा शाळा पुष्कळ होत्या. फळ्याला हात लावायची बंदी नव्हती. फक्त बोलावत नसत. चार वर्षांत मी फळ्यावर दोनदा गेलो आणि एकदा तो पुसायला. त्या वेळच्या अकरावीच्या एस. एस. सी.ला बीजगणित-भूमिती सोडून नुसते अंकगणित घेता येत असे. निवड करायच्या दिवशी मास्तर मायेनेच म्हणाले, "अरे, तू अंकगणित घे. नोकरीपुरतं तेवढं बास. भूमिती तुला झेपायची नाय." आमच्या वाडीतल्या सगळ्या पोरांना त्यांनी हेच सांगितले. कोणाची उत्तरपत्रिका बघून सांगितले नाही, वाडी बघून सांगितले. मी अंकगणित घेतले, १९७३ साली पास झालो आणि कारकून झालो. इंजिनियरिंगचे दार मला दिसलेच नाही, मग ते बंद होते की उघडे हे कसे सांगू?

१९७५ पासून दहावीचा नवा आकृतिबंध आला आणि गणित सगळ्यांना सक्तीचे झाले. मला आनंद झाला होता. आता कोणी वाडी बघून विषय ठरवणार नाही. पण विषय सक्तीचा झाला, शिकवणे सक्तीचे झाले नाही. धाकटा भाऊ मार्चला गणितात नापास, ऑक्टोबरला नापास, पुढच्या मार्चला नापास. बाकी सगळ्या विषयांत पास. शेवटी मिठागरावर गेला. क्लासची फी भरणारी पोरे तरली, न भरणारी बुडाली. चाळणी तीच, फक्त आता तिच्यावर कोणाचे नाव नव्हते.

म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातला प्रस्ताव वाचला तेव्हा पहिल्यांदा भाऊच आठवला. दहावीला गणित आणि विज्ञानात पस्तीसच्या जागी वीस मार्कांनी पुढे जाता यावे, मात्र गुणपत्रिकेवर शेरा असावा की या मुलाला पुढे गणित-विज्ञानाची वाट नाही. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षेला बसावे. भाऊ त्या नियमाने अकरावीत गेला असता. हे मी नाकारत नाही. मिठागराच्या उन्हात सोललेली त्याची पाठ मी बघितलीय. एका विषयापायी पोरगा शाळेबाहेर फेकला जाऊ नये, हे मलाही पटते.

पण दोस्तहो, तो शेरा कोणाच्या कागदावर पडेल? पुन्हा परीक्षेला बसायला ज्याच्या घरी वर्षभराची भाकरी आहे, तो तो पुसून घेईल. बाकीच्यांच्या कागदावर तो राहील. मास्तर जे तोंडाने बोलले होते, 'तुला झेपायची नाय', ते आता छापून मिळेल. मार्क कमी करायचे तर करा, शेरा कशाला? आणि आठवीपर्यंत पोराला अपूर्णांक का आला नाही, याचा शेरा कोणाच्या कागदावर मारणार?

मास्तर चुकले होते असेही मी म्हणत नाही. रीत लिहायलाच हवी. रीत लिहिली की चूक कुठे झाली ते सापडते, दुसऱ्याला शिकवता येते, खोताच्या तोंडावर कागद धरता येतो. आजीकडे उत्तर होते, कागद नव्हता, म्हणून बैल गेला. माझी तक्रार एवढीच की मास्तरांनी "कसं काढलंस?" असे एकदाही विचारले नाही. विचारले असते तर मी आजीची रीत सांगितली असती, त्यांनी ती फळ्यावर मांडून दाखवली असती, आणि वर्गाला कळले असते की चक्रवाढ व्याज पुस्तकात जन्मलेले नाही.

आमच्या विहारात रविवारी पोरे अभ्यासाला बसतात. मी गणित घेतो, अंकगणितापुरते शिकलेला माणूस भूमितीही घेतो, आदल्या रात्री स्वतः शिकून. कोणी नुसते उत्तर सांगितले की मी खडू त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "ये, कसं काढलंस ते लिही." पहिल्यांदा पोरे बिचकतात. मग लिहितात.

तुमच्या वाडीत एखादी म्हातारी अजून असेल, पेरांवर मोजणारी. तिच्याजवळ बसा आणि तिचे हिशेब लिहून घ्या. कोणी किती दिले, किती घेतले, कशाने घेतले. रीतीसकट लिहा.