रुग्णवृत्त, संगणकीय
रुग्णाच्या तक्रारी, पूर्वीचे आजार, सवयी व कुटुंबातील रोग यांची माहिती संगणकाच्या पडद्यावरील प्रश्नांच्या साहाय्याने प्रत्यक्ष रुग्णाकडूनच नोंदवून घेण्याची पद्धती. रोगनिदान पुष्कळ अंशी याच माहितीवर आधारलेले असते; ती मिळणे मात्र पूर्वी डॉक्टरांची सवड, स्मरणशक्ती आणि हस्ताक्षर यांवर अवलंबून असे.

वॉर्नर स्लॅक व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन विद्यापीठात ही पद्धती विकसित करून तिचा वृत्तांत १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोगशाळांसाठी बनविलेला ‘लिंक’ हा लहान संगणक त्यांनी वापरला आणि विषय ॲलर्जीचा निवडला. पडद्यावर एकेक प्रश्न उमटे व रुग्ण कळ दाबून उत्तर देई. आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरे. शेवटी डॉक्टरांसाठी छापील गोषवारा निघे. ‘होय’ व ‘नाही’ यांबरोबरच ‘माहीत नाही’ आणि ‘प्रश्न समजला नाही’ असेही पर्याय ठेवलेले होते. यांतील शेवटचा पर्याय दिसतो तितका किरकोळ नाही. डॉक्टरांसमोर प्रश्न न समजल्याचे कबूल करण्यास अनेक रुग्ण संकोचतात व काहीतरी उत्तर देऊन मोकळे होतात; यंत्रापुढे हा संकोच उरत नाही.

यंत्राकडून विचारणा होणे रुग्णांना अपमानास्पद वाटेल, ही शंका बव्हंशी अनाठायी ठरली. ग्लासगो येथे मद्यपानजन्य विकारांच्या रुग्णांविषयी १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात रुग्णांनी मनोविकारतज्ञांपेक्षा संगणकाला आपल्या मद्यपानाचे प्रमाण अधिक सांगितल्याचे आढळले. मात्र ठरीव प्रश्नांत न बसणारे दुःख यंत्राच्या नजरेतून निसटते आणि वाचता न येणाऱ्यास पडद्याचा उपयोग नाही.

रुग्ण हा वैद्यकसेवेतील सर्वांत दुर्लक्षित साधनस्रोत होय, असे स्लॅक यांचे प्रतिपादन होते. पुढे ते बॉस्टनच्या बेथ इझ्राएल रुग्णालयात गेले. विलीनीकरणानंतर बेथ इझ्राएल डीकनेस या नावाने चालणाऱ्या त्याच संस्थेने २०१० मध्ये अन्य दोन संस्थांसह उलट दिशेचा प्रयोग केला : शंभरावर डॉक्टरांची टिपणे संगणकावर रुग्णांना वाचावयास खुली झाली. वर्षअखेरीस एकाही डॉक्टराने ही प्रथा सोडली नाही. २०२१ पासून अमेरिकेत अशी टिपणे रुग्णांस विनाविलंब उपलब्ध करून देणे नियमाने बंधनकारक झाले.