शहराबाहेरची दया

मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. मग विचारतो, कधी, गेल्या वर्षी? नाही, १८३२ साली. जूनच्या ६ आणि ७ तारखेला. रेल्वे यायला अजून एकवीस वर्षं होती, आणि मुंबई म्हणजे तटबंदीच्या आतला कोट आणि तटाबाहेर दाटत चाललेली वस्ती, एवढंच शहर होतं.

कुत्री मारण्याचा नियम तेव्हाही नवा नव्हता. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात या समजुतीने वर्षातले काही ठरावीक दिवस भटकी कुत्री मारायची मुभा होती. १८३२ मध्ये ती मुदत वाढवली गेली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळायचं. बक्षीस मोजून मिळत असलं की भटकं कुठलं आणि दारातलं कुठलं, हा फरक फार काळ टिकत नाही. लोकांच्या ओट्यावरची, घरातलीसुद्धा कुत्री ओढून नेल्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

पारशांसाठी हे नुसतं क्रौर्य नव्हतं. त्यांच्याकडे माणूस गेला की प्रेताजवळ कुत्रा आणतात. कुत्र्याने प्रेत पाहावं लागतं. या विधीला सगदीद म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी विशेष मानाचा. असा प्राणी शिपायाने भररस्त्यात सोट्याने मारावा, हे त्यांना सहन होणं शक्यच नव्हतं. ६ जूनला कोटात कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर जैन होते, वैष्णव वाणी होते, इस्माइली होते. कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीकडे जाणारी रसद अडवली गेली. शेवटी सरकारने लष्कर बाहेर काढलं, धरपकड झाली, खटले चालले.

आता यात कुत्र्यांवरचं प्रेम किती आणि आपल्या दारात शिपाई शिरतो याचा राग किती? मला वाटतं, दुसराच भाग मोठा होता. 'आपले पूर्वज प्राण्यांसाठी रस्त्यावर उतरले' असे फॉरवर्ड फिरतात तेव्हा ही गोष्ट गाळली जाते. कोटातले पारशी कंपनी सरकारशी मिळूनमिसळून धंदा करणारे लोक. त्यांना एके दिवशी कळलं की आपल्या गल्लीत कोण जगणार आणि कोण मरणार हे ठरवण्याचा हक्क आपल्याकडे नाही. कुत्रा हे निमित्त होतं असं मात्र मी म्हणणार नाही. निमित्त असतं तर मागणी वेगळी झाली असती.

मागणी काय झाली ते पाहा. जमशेटजी जीजीभॉय आणि इतर प्रतिष्ठित मंडळी पुढे आली. त्यांनी दंगलीचा निषेध केला आणि सरकारला विनंती केली की कुत्री मारू नका, शहराबाहेर नेऊन सोडा. सरकारलाही ते सोयीचं होतं. 'मारू नका, बाहेर न्या' ही तडजोड मुंबईने तेव्हा केली, आणि त्यानंतर जवळजवळ प्रत्येक प्राण्याच्या बाबतीत हे शहर तिच्याकडेच वळलेलं दिसतं.

बाहेर म्हणजे कुठे, हा प्रश्न उरतोच. त्याचं एक उत्तर १८३४ मध्ये मिळालं. जमशेटजी आणि जैन शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा, यांनी पुढाकार घेऊन मुंबईची पांजरापोळ सुरू केली. जागा भुलेश्वरजवळची. आज तिथे गेलात तर चहूबाजूंनी कापड, भांडी, बांगड्या, आणि मध्येच गाईंचा वास. १८३४ साली मात्र ती कोटाच्या तटाबाहेरची जागा होती.

कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. गुजरातेत पांजरापोळी आधीपासून होत्या. पिएत्रो देला वाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये खंबायतला गेला तेव्हा तिथलं पाखरांचं इस्पितळ पाहून चकित झाला होता. युरोपात प्राण्यांसाठी कायदे आणि संस्था यायला तेव्हा दोनशे वर्षं होती. प्राण्यांच्या हक्कांची भाषा आपल्याकडे विलायतेतून आली, हे खरं आहे. पण म्हाताऱ्या जनावराला मरेपर्यंत पोसायची व्यवस्था इथे आधीपासून होती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही बाजूंचे लोक त्यांची गल्लत करतात.

पांजरापोळ चालायला पैसा लागतो. मी गेली दोन वर्षं रविवारी एका लहानशा शेल्टरवर कामाला जाते, त्यामुळे जुन्या संस्थांबद्दल वाचताना मी आधी हिशोब शोधते. गाय वीस वर्षं जगू शकते. दूध देते त्यातली निम्मी, फार तर थोडी जास्त. उरलेली वर्षं रोज पंधरा-वीस किलो हिरवा चारा, वर कडबा, औषधं, आणि शेण उचलणारं माणूस. दया ही भावना फुकट आहे, कडबा नाही. जुन्या व्यापाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी पांजरापोळीसाठी मालावर 'लागा' बसवला होता. सौदा झाला की ठरलेला वाटा जनावरांना. आजच्या क्राउडफंडिंगपेक्षा ही पद्धत शंभर पटीने भरवशाची, कारण त्यात कुणाला रडका व्हिडिओ टाकावा लागत नव्हता.

पण तो माल कोणता होता? कापूस आणि अफू. जमशेटजी, मोतीशा आणि कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोघे हे चीनच्या व्यापारात भागीदार होते, आणि त्या व्यापारात अफूचा वाटा मोठा होता. कँटनच्या बाजूला माणसं अफूने झिजत होती आणि त्याच व्यापारात मोठी झालेली माणसं भुलेश्वरला मुकी जनावरं पोसत होती. मी हे पांजरापोळीला कमी लेखण्यासाठी सांगत नाही. त्या काळातल्या मुंबईत ज्याला आपण दानधर्म म्हणतो त्यातला मोठा भाग याच पैशाचा आहे. जे. जे. रुग्णालयसुद्धा.

पुढे जनावरं वाढली, शहर वाढलं आणि भुलेश्वर शहराच्या पोटात आलं. पांजरापोळ आणखी बाहेर सरकली. चेंबूर, भिवंडी, कल्याणपलीकडचं रायता. ईस्टर्न फ्रीवेवरून चेंबूरला उतरताना 'पांजरापोळ' ही पाटी तुम्ही वाचली असेल, रिक्षावाल्याला ते नावही सांगितलं असेल. एका कुत्र्यांच्या दंगलीचा धागा तिथपर्यंत येतो. चेंबूरही आता बाहेर राहिलेलं नाही.

दरम्यान दुसरा प्रवाह आला, विलायती. १८७४ मध्ये मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी सोसायटी स्थापन झाली. परळला दिनशा माणेकजी पेटीट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाने जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. हे लांबलचक नाव कुणी घेत नाही. परळचा माणूस त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो, आणि हे नाव अधिक प्रामाणिक आहे. ट्राम, टांगे, खटारे, बैलगाड्या यांच्या जिवावर चाललेलं हे शहर होतं, आणि त्या कामात मोडलेले बैल आणि घोडे तिथे आणले जायचे. पांजरापोळ आणि बैलघोडा यांत एक मूलभूत फरक आहे. पांजरापोळीत जनावर मरेपर्यंत राहतं. इस्पितळात ते बरं होऊन पुन्हा जुंपलं जातं.

मग १८९० चा कायदा आला. त्यात एक विचित्र शब्द होता, 'फूका'. गाईने पान्हा सोडावा म्हणून तिच्या योनिमार्गात नळीने हवा फुंकायची किंवा काहीतरी खुपसायचं, ही गवळ्यांमधली एक पद्धत. कायद्याने ती गुन्हा ठरवली. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावलेल्या नेटामुळे आला, आणि त्याच्या १२ व्या कलमात हा शब्द अजूनही आहे. दोन कायद्यांमध्ये सत्तर वर्षं गेली आणि फूका तशीच.

या एका शब्दामुळे हिंदुस्थानातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाने दूध सोडलं होतं. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना कलकत्त्याकडून आलेलं साहित्य वाचलं, त्यात फूकाचं वर्णन होतं. १९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर त्यांनी आणि कॅलनबाख यांनी दूध बंद केलं. 'व्हीगन' हा शब्द जन्मायला तेव्हा बत्तीस वर्षं होती. डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी तो १९४४ मध्ये घडवला. १९१८ मध्ये खेड्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधीजी आमांशाने इतके खंगले की हवापालटासाठी त्यांना माथेरानला नेलं, मग मुंबईला आणलं. डॉ. दलाल यांनी सांगितलं, दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही. गांधीजी म्हणाले, माझं व्रत आहे. कस्तुरबा तिथेच होत्या. त्यांनी विचारलं, मग बकरीच्या दुधाला काय हरकत आहे?

गांधीजींनी बकरीचं दूध घेतलं, आणि आपण व्रताचे शब्द पाळले, आत्मा नाही, हे पुढे आत्मकथेत स्वच्छ लिहून ठेवलं. मी स्वतः दूध घेत नाही, त्यामुळे हा प्रसंग व्हीगन मंडळींच्या गप्पांत मी अनेकदा ऐकलाय. बहुधा गांधीजींची चूक म्हणून, कधी पळवाट म्हणून. मला त्यात कस्तुरबा दिसतात. नवरा मरायला टेकलाय, त्याला त्याच्या शब्दात न अडकवता जगवायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. प्राण्यांबद्दलच्या आपल्या बहुतेक तत्त्वांची परीक्षा अशा खोलीतच होते, आणि तिथे स्वयंपाक करणाऱ्या, पथ्य सांभाळणाऱ्या बाईचं मत इतिहासात क्वचितच नोंदलं जातं.

फूकावर बंदी आली, पण मुंबईचं दूध थांबलं नाही. ते येत होतं शहरातल्या तबेल्यांतून. दुभती म्हैस विकत आणायची, आटेपर्यंत पिळायची, भाकड झाली की खाटकाला द्यायची. तिला पुन्हा गाभण होईपर्यंत शहरात पोसणं परवडत नसे. रेडकू तर ओझंच, ते उपाशी मरायचं. १९४९ मध्ये सरकारने आरे कॉलनी उभी केली आणि तबेल्यांतल्या म्हशी गोरेगावच्या हिरव्या टेकड्यांवर हलवल्या. स्वच्छ दूध, बाटल्या, सहलीला येणारी शाळेची मुलं. म्हशींचे हाल कमी झाले, हे खरं. पण भाकड म्हशीचा आणि रेडकाचा हिशोब गोरेगावला नेऊनही बदलत नाही. गाईला निदान पांजरापोळ होती. म्हशीसाठी मुंबईत दंगल झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि जनावर मेल्यावर? पांजरापोळीच्या भिंतीवर देणगीदारांची नावं संगमरवरात कोरलेली असतात. मेलेलं जनावर ओढून नेणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, तेव्हा तेही जनावरांबद्दलच बोलत होते, फक्त दुसऱ्या टोकावरून. शाकाहार आणि भूतदया यांचा आपल्याकडचा इतिहास या टोकाला टाळून लिहिला की तो गोड होतो आणि खोटा होतो. आमच्या शेल्टरवर शेण उचलायला आणि मेलेलं जनावर पुरायला कोण येतं, हे मी पाहते. रविवारी येणारे आम्ही बहुतेक जण फोटो काढतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये हे सगळं पुन्हा एकदम समोर आलं. दादरचा कबुतरखाना पालिकेने ताडपत्रीने झाकला आणि ६ ऑगस्टला जमावाने ती ताडपत्री फाडली. पाच दिवसांनी, ११ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरातली भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री पुन्हा त्याच जागी सोडा, पिसाळलेली आणि हिंस्र सोडून. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं यांच्या आवारातली कुत्री हटवायचे आणि तिथे परत न सोडायचे आदेश आले.

रेबीज हा थट्टेचा विषय नाही. लक्षणं दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावे खाणारी बरीचशी मुलं गरिबाघरची असतात, गेट नसलेल्या वस्त्यांमधली. जे लोक गाडीतून येऊन दुसऱ्याच्या गल्लीत बिस्किटं टाकून जातात त्यांच्याबद्दल मला फारसं प्रेम नाही. पण 'शेल्टरमध्ये ठेवा' हे वाक्य वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे लागा येतो. कुठल्या मालावर? पन्नास जनावरांच्या जागेत आमच्याकडे ऐंशी आहेत. पावसाळ्यात पत्रे गळतात, एका कुत्र्याला डिस्टेंपर झाला की आठवड्यात पाच जातात. १८३२ मध्ये 'शहराबाहेर' म्हणणाऱ्यांनी दोन वर्षांत जागा आणि पैसा उभा केला होता.

आरेच्या म्हशी हलल्या तरी पश्चिम उपनगरांत खासगी तबेले राहिलेच. गोरेगाव-जोगेश्वरीच्या त्या तबेल्यांना आता जायला सांगितलं जातं. जागा महाग झाली, शेणाचा वास येतो, टॉवरमधल्या लोकांच्या तक्रारी आहेत. त्यांच्यासाठी सुचवलेली जागा दापचरी, डहाणूच्या पुढे, गुजरातच्या सीमेलगत.