ऱ्होड आयलंडची कृष्णवर्णीय पलटण

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात वसाहतींच्या बाजूने सुमारे 5,000 कृष्णवर्णीय सैनिक लढले. 1775 मध्ये वॉशिंग्टनच्या सैन्यात त्यांची नवी भरती बंद करण्यात आली होती. त्याच वर्षी व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने बंडखोर मालकांचे जे गुलाम ब्रिटिशांकडून लढतील त्यांना मुक्त करण्याचे जाहीर केले. पुढे माणसे कमी पडू लागली, तेव्हा बंदी सैल झाली.

फेब्रुवारी 1778 मध्ये ऱ्होड आयलंडच्या विधिमंडळाने कायदा केला: भरती होणारा गुलाम त्याच क्षणी स्वतंत्र, आणि मालकाला सरकारकडून भरपाई. मालकांच्या विरोधामुळे काही महिन्यांतच हा दरवाजा बंद झाला. तरीही उभी राहिलेली पलटण कच्ची नव्हती. 29 ऑगस्ट 1778 रोजी न्यूपोर्टजवळच्या लढाईत ब्रिटिशांच्या भाडोत्री जर्मन सैनिकांनी तिच्यावर पुन्हापुन्हा चाल केली. या नवख्यांनी जागा सोडली नाही. 1781 मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यातही ऱ्होड आयलंडचे हे शिपाई होते. द व्हर्जे या फ्रेंच फौजेतील अधिकाऱ्याने काढलेल्या जलरंगचित्रात त्यांच्यातला एक जण पांढऱ्या गणवेशात, बंदूक घेऊन ताठ उभा दिसतो.

1783 मध्ये पलटण बरखास्त झाली. थकलेल्या पगारासाठी मात्र अनेकांना झगडावे लागले.