नांगर, नफा आणि न पाळलेला शब्द

मेढ्यापासून थोडं वर, डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे. वाडीतल्या शाळेत एका कंपनीनं काही वर्षांपूर्वी आठ संगणक दिले. उद्घाटनाला मांडव, नारळ, फेटे, सगळं झालं. भिंतीवर निळ्या अक्षरांत लिहिलं गेलं, 'सामाजिक दायित्व निधीतून'. दोन पावसाळ्यांनंतर इन्व्हर्टरची बॅटरी मेली. दुरुस्तीसाठी निधीत तरतूद नव्हती, कारण निधी खरेदीचा होता. आज संगणकांवर पोती टाकलेली आहेत. पाटी मात्र दरवर्षी रंगवतात. माझा चुलता म्हणतो, "आरं, दिलेलं त्यांचं हुतं, मागितलेलं कुठं आपलं हुतं?"

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. कारण कारखानदारानं नफा बघावा की समाज, हा वाद आमच्या सातारा-सांगलीच्या मातीत शंभर वर्षांपूर्वीच झाला होता, आणि तोही एका लोखंडी नांगरावरून.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात नांगर बनवू लागले, तेव्हा तो कुणी घेईना. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढं बेळगावातली कारखान्याची जागाही सोडावी लागली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळ 32 एकर माळ दिला, कर्ज दिलं, आणि 1910 साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग आणि सापांचा तो माळ. कामगारांची घरं बांधणं, पाणी आणणं, शाळा काढणं ही परोपकाराची कामं नव्हती. त्याशिवाय त्या माळावर कामगार टिकलाच नसता. पण वाडीत शिवाशीव पाळायची नाही, हा नियम मात्र नफ्याच्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी कामावर ठेवलं. तोही नाही बसत.

तरीही मला किर्लोस्करवाडी पुरती पटत नाही. मालक चांगला होता म्हणून सगळं चांगलं झालं. मालक तसा नसता तर? घर त्याचं, नोकरी त्याची, दुकानही त्याच्याच वाडीत. असा कामगार तक्रार कुणाकडं करणार?

या प्रश्नाचं उत्तर किर्लोस्करांच्याच नांगराचा प्रचार करत गावोगाव हिंडलेल्या एका विक्रेत्याला मिळालं, आणि चांगलंच महागात पडलं. तुम्ही त्यांना कर्मवीर म्हणून ओळखता. फोटोतली पांढरी दाढी आणि घोंगडी पाहून हा माणूस एके काळी कंपनीचा माल खपवत फिरायचा हे खरं वाटत नाही. भाऊराव पाटील आधी ओगल्यांच्या काचकारखान्याचे, मग किर्लोस्करांचे विक्रेते. शेतकऱ्याच्या भाषेत बोलणारा, त्याच्या ओसरीवर जेवणारा माणूस. गाव न् गाव पाहताना त्यांना दिसलं की नांगर घेणाऱ्याला पावतीवर सही करता येत नाही. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली.

त्याच सुमाराला साताऱ्याचे धनजीशा कूपर नांगराच्या धंद्यात उतरत होते. कूपर पारशी, हुशार, ब्राह्मणेतर चळवळीतले वजनदार गृहस्थ. त्यांच्या कारखान्याच्या उभारणीत भाऊरावांनी जीव ओतला. भाऊरावांच्या चरित्रांत येणारी हकीकत अशी की कारखाना चालला तर नफ्यातला वाटा रयतेच्या शिक्षणाला द्यायचा, असा शब्द झाला होता. कारखाना चालला. वाटा आला नाही. भाऊराव बाहेर पडले. ही एका बाजूनं सांगितलेली गोष्ट आहे, हे ध्यानात ठेवावं. कूपर पुढं मंत्री झाले, आणि 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते.

1970 च्या सप्टेंबरात अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या मासिकात एक गाजलेला लेख लिहिला. कंपनीची एकच सामाजिक जबाबदारी, नियमांत राहून नफा वाढवणं. मॅनेजर दानधर्म करतो तो दुसऱ्याच्या पैशानं, असा त्यांचा मुद्दा. तो मुद्दा मला हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या शाळेतले पोत्यांखालचे संगणक फ्रीडमनच्याच बाजूनं साक्ष देतात. पण साताऱ्याच्या भांडणाला तो लागू पडत नाही. भाऊराव देणगी मागत नव्हते. आपल्या घामाचा दर त्यांनी आधीच सांगितला होता, फक्त तो स्वतःच्या खिशात न घेता पोरांच्या शाळेसाठी मागितला होता. ज्याला आपण 'नफा' म्हणतो त्यात कुणाकुणाचं काय अडकलंय, हे आधी मोजायला नको का?

नोकरी सुटल्यावर भाऊरावांनी काय केलं ते शाळेच्या पुस्तकात असतं. साताऱ्यात वसतिगृह चालवलं. लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. 1927 साली गांधीजी येऊन गेले. पोरं कष्ट करून शिकायची, आणि गावोगावचे लोक धान्य द्यायचे. एका मालकाच्या शब्दावर उभी राहिली असती तर रयत कदाचित लवकर मोठी झाली असती. लवकर बंदही पडली असती.

मग शब्दाऐवजी कायदा केला तर? 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितलं. 1 एप्रिल 2014 पासून ते लागू आहे. आमची निळी पाटी त्यातूनच आली.

कायद्याबद्दल आमच्या घराचा अनुभव मात्र जुना आहे. जावळीतली निम्मी पुरुषमंडळी मुंबईला असायची. एकेका गावाची गिरणगावात खोली, दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीवर रातपाळीवाला झोपायचा. माझे आजोबा अशाच खोलीत तेवीस वर्षं राहिले. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि ते ट्रंक घेऊन गावी आले. 1991 साली नियम झाला की गिरणीची जमीन विकसित करताना तिचे तीन वाटे करायचे: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी, एक मालकाला. आजोबांना हे कळलं तेव्हा त्यांनी म्हणे पेढे वाटले होते. 2001 साली नियम बदलला. तीन वाटे फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीचे. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन असते किती? 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं हा बदल वैध ठरवला.

आजोबांनी घरासाठी अर्ज भरला होता. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. सोडत निघाली की चुलता मोबाईलवर यादी उघडतो, चष्मा कपाळावर सारतो आणि आडनावावरून बोट फिरवत जातो. पावती ट्रंकेत आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, गिरणीच्या हजेरीकार्डासोबत. परवा त्यानं मला फोन दिला आणि म्हणाला, "तू बघ बाबा. बारीक अक्षर दिसंना मला."